आधी कंदील सोड

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायचा म्हटलं तर आधी चष्मा आठवतो, मग दोऱ्यानं बांधलेली त्याची काडी, आणि मग कुठं तुम्ही दिसता. आवाज मात्र जसाच्या तसा आहे. बेंबळीच्या शाळेच्या मैदानात पार टोकाला उभ्या राहून "मागं बसलेल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे" असं ओरडायच्या, तो आवाज. आज दिवसभर तोच कानात आहे, म्हणून लिहायला बसले. अंगणवाडी सुटलीय. पोरं गेली, मदतनीस गेली, खिचडीचं पातेलं घासून पालथं घातलंय. आता कुलूप लावायचं आणि घरी जायचं, घर इथून दिसतं. पण पाय उचलत नाहीत. साप निघाला तर काठी घेऊन सगळ्यांच्या आधी धावणारी बाई मी. गावात मला तोंडाळ म्हणतात. आणि आज मला माझ्याच घरी जायची भीती वाटतेय. कुणाला सांगू? आई राहिली नाही. शेजारणीला सांगावं तर दिवेलागणीपर्यंत गावभर होईल. गेलेल्या माणसाचं एक बरं असतं, ते इकडचं तिकडं करत नाही.

गोष्ट माझ्या लेकीची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. ती सोलापुरात एका दवाखान्यात नर्स आहे आणि तिथंच रक्त तपासणाऱ्या एका मुलाशी लग्न करणार म्हणते. मुलगा आपल्या जातीतला नाही. मला तिनं दिवाळीत सांगितलं, मी भाकरी थापत होते तेव्हा. मुद्दाम ती वेळ निवडली असणार, कारण हात पिठात असले की मी उठून मारू शकत नाही हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. फोनवर फोटो दाखवला. मी म्हणाले, "कान केवढे गं त्याचे." ती खुदकन हसली. तिला वाटलं मी हो म्हणाले. मी हो म्हटलं नव्हतं, बाई. अजूनही म्हटलेलं नाही. मलाही राग आलाय, मलाही लोकांपुढं मान खाली घालावी लागणार आहे. पण राग येणं वेगळं आणि आमच्या घरात सध्या जे चाललंय ते वेगळं.

घरात कळलं तेव्हा आधी आरडाओरडा झाला. ह्यांनी तांब्या भिरकावला, तो भिंतीवर आपटला, कोचा पडला. तेव्हा मला फारशी भीती वाटली नाही. ओरडणारा माणूस ओरडून दमतो. पण मग थोरले दीर, आण्णा, आले. सगळी भावकी त्यांच्या शब्दाबाहेर जात नाही, आणि आमचे हे तर नाहीच नाही. दीर ओरडले नाहीत. चहा प्यायले. येताना तुळजापुरातून एक साडी आणली होती, ती खाटेवर ठेवली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बोलवून घ्या पोरीला. समजावून सांगू. आपलंच लेकरू हाय, तिच्यावर कोण रागावलंय?" साडी मोरपंखी रंगाची आहे. मी ती उचलून आत नेली नाही. कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. तुमच्याकडून.

ते नाटक तुम्हाला आठवत असेलच. दूरच्या देशातलं, फार जुनं, शोकांत. तुम्ही ते कॉलेजात वाचलं होतं म्हणे, आणि दहावीच्या गॅदरिंगसाठी आपल्या बोलीत असं काही आणलं होतं की मूळ लिहिणाऱ्याला दाखवलं असतं तरी त्याला ते आपलं म्हणून ओळखू आलं नसतं. राजवाड्याची गढी झाली, राजाचा देशमुख झाला. देशमुखाच्या लेकीचं खालच्या पेठेतल्या मुलावर प्रेम बसतं. मुलाचा दोस्त त्याच्यासाठी भांडणात मधे पडतो आणि मरतो. पोरगी गढीतून पळून तिला वाढवलेल्या दाईकडं येते. बाप दाईच्या दारात येऊन हाक मारतो. दाईचा त्याच्या हाकेवर विश्वास नाही, म्हणून ती पोरीला मागच्या धान्याच्या पेवात लपवते आणि वरून दगडी झाकण लावते. आत कोंडलेल्या वाईट हवेनं पोरगी मरते. तिच्यामागं तो मुलगा उतरतो, तोही मरतो. ती दोघं मारायला आलेल्यांच्या हातून मरत नाहीत, वाचवणारीच्या हातून मरतात. दाई मी होते. पोरीचं काम मिळालं नाही म्हणून घरी जाऊन जेवले नव्हते. तुम्ही म्हणालात, "नटायचं असेल तर ते काम घे, करायचं असेल तर हे घे." मी हे घेतलं.

बापाचं काम आमच्या वर्गातल्या सगळ्यात दांडग्या आवाजाच्या पोराला दिलं होतंत. दारातल्या त्या प्रसंगाला तो असा काही गरजायचा की छपरावरची कबुतरं उडायची. तुम्ही त्याला थांबवलंत. "बाप ओरडला की लोक घाबरत नाहीत, लोक चिवडा खातात. मऊ बोल. जेवायला बोलावतोस तसं बोल." त्यानं मऊ बोलून पाहिलं. 'ये पोरी, घरी ये. तुझ्यावर कोण रागावलंय?' पोरीचं काम करणारी माझी मैत्रीण खरोखर दोन पावलं मागं सरली. तेव्हा आम्हाला मजा वाटली होती. घरी जाताना आम्ही वाटेवर एकमेकींना मऊ आवाजात हाका मारून भेवडवत होतो.

आणि मग तुम्ही फळ्यावर एकच शब्द लिहिलात, जीव. म्हणालात, या नाटकात प्रत्येक माणूस प्रेम करतो, एकही दुष्ट नाही, आणि सगळ्यांचं प्रेम याच एका शब्दात आहे. फक्त पुढचं क्रियापद वेगळं आहे, ते तुम्ही शोधा. आम्ही एकेकजण उठून लिहायला लागलो. त्या दोघांचा एकमेकांवर जीव जडलाय. दोस्त जिवाला जीव देतो. आईचा जीव टांगणीला लागलाय. पोरीचं ज्या सरदाराशी लग्न ठरलंय त्याचं काय, असं तुम्ही विचारलंत, तर मागून एक पोरगा म्हणाला, "बाई, त्येचा जीव पोरीत न्हाईच, जमिनीत हाय," आणि तुम्ही इतक्या हसलात की डोळे पुसायला चष्मा काढलात. बापाच्या पुढं मी लिहिलं, जीव लावतो. तुम्ही त्याच ओळीत पुढं लिहिलंत, जीव घेतो. म्हणालात, "दोन्ही एकाच माणसाची. मधे फार जागा नसते." मग दाईची पाळी आली आणि मला काही सुचेना. रडते, असं काहीतरी म्हणाले. तालमीत मी रडायचेही खूप. त्यावर तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलंत, "दाई रडत नाही. दाईला कामं असतात. तिचं क्रियापद सापडलं की मला येऊन सांग." मला ते सापडलं नाही. मग शाळा संपली, लग्न झालं, आणि माझ्या पहिल्या दिवाळसणाच्या आतच तुमची बातमी आली.

तुमचं स्वयंपाकघर मला शाळेपेक्षा जास्त आठवतं. खोली एकच, तिच्या कोपऱ्यात स्टोव्ह. तालीम लांबली की तुम्ही चुरमुरे भिजवून, फोडणीला टाकून सुशीला करायच्या आणि आम्ही पोरी ताटलीभोवती कोंडाळं करून बसायचो. एकदा बाकीच्या गेल्या आणि मी भांडी विसळायला थांबले. तुम्ही एकट्या का राहता, यावर गावात काय काय बोललं जायचं ते आम्हाला सगळं पाठ होतं, पण विचारायची छाती कुणाची? तुम्हीच बोललात. म्हणालात, माझंही एका मुलाशी जमलं होतं. घरात साखरपुड्याची बोलणी चाललीत असं मला वाटत होतं. माझी आत्या पहाटे उठवायला आली, हातात पिशवी दिली, म्हणाली, पहिल्या गाडीनं जा, परत येऊ नको, विचारू नको. मी गेले. तो मुलगा मात्र बोलावल्यावर गेला, तो परत आला नाही. एवढं सांगून तुम्ही स्टोव्हला पिन मारायला लागलात. मी वेड्यासारखं विचारलं, "मग तुम्ही घरी कधी गेलात?" तुम्ही म्हणालात, "कुठल्या घरी?" तुमच्या आईचं तोंड तुम्ही त्यानंतर पाहिलं नाहीत, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं.

गॅदरिंगच्या दिवशी मैदानात सतरंज्या अंथरल्या होत्या, पुढं बायका, मागं गडीमाणसं. मला तुम्ही तुमच्या आईचं हिरवं लुगडं नेसवलं होतं. दारातला प्रसंग झाला, बाप मऊ बोलून गेला. मी पोरीचा हात धरून तिला पेवापाशी आणलं. बाकड्यामागं पोत्यांचं गोल तोंड केलं होतं. मी झाकण सरकवलं आणि म्हणाले, "उतर पोरी. आत गार आहे. आत तुला कुणी शोधणार नाही." आणि पुढच्या सतरंजीवरून एक म्हातारी ताडकन उभी राहिली. "ए पोरी, उतरू नगंस! अगं ए दाई, येडी का खुळी तू? आधी कंदील सोड की खाली!" पहिल्यांदा सगळं मैदान हसलं. मग हसणं आपोआप विरत गेलं, कारण तिथं बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं की म्हातारी बरोबर बोलतेय. बंद पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. दोरीला बांधून आधी कंदील सोडतात. तो तेवत राहिला तर माणूस उतरतो, विझला तर नाही. म्हातारी खाली बसेना. "सांगा कुणीतरी तिला!" म्हणत रडायलाच लागली. तिचा धाकटा दीर पेवात गुदमरून गेला होता, हे नंतर कळलं. मी विंगेकडं बघितलं. तुम्ही हातानं खुणावत होतात, पुढं म्हण, पुढं म्हण. मी पुढं म्हटलं. पोरगी उतरली. मी झाकण लावलं.

नाटक संपल्यावर मला वाटलं तुम्ही म्हातारीवर चिडला असाल, तर तुम्ही खुशीत. "आपण सगळी प्रेमं मोजली आणि हिचं राहिलंच," म्हणालात. "पोरगी ना नात्याची ना गोत्याची, नाटकातली. तरी हिला राहवलं नाही." लुगडं धुऊन परत आणलं तर घेतलं नाहीत, राहू दे म्हणालात, दाईचं आहे. त्याच लुगड्याची मी पुढं लेकीला झोळी बांधली. थोडी मोठी झाल्यावर त्याच झोळीत पाय दुमडून बसायची आणि नाटकाची गोष्ट सांग म्हणायची. पेव म्हणजे काय, हेही तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं, जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार, तोंड लहान, पोट मोठं. तर म्हणाली, "आई, मग दाईनं कंदील का नाही सोडला?" मी म्हणाले, तिला घाई होती, मागं माणसं लागली होती. ती म्हणाली, "घाई असली तरी सोडायचा." आमच्या घरात मग ते बोलणंच पडलं. नवीन रिक्षावाला असो, नवी मैत्रीण असो, आम्ही दोघी म्हणायचो, आधी कंदील सोड.

आता तुम्हाला खरी भीती कशाची ते सांगते. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा भावकीतली एक पोरगी बार्शीला शिकत होती. ती कुणाबरोबर तरी निघून गेली, मग तिला समजूत घालून परत आणली. आठवड्याच्या आत ती गेली. ताप आला होता, असं सांगतात. मी नवी नवरी, मला कोण विचारतंय. पण बाई, मी तेव्हापासून ऐकतेय, ताप आला होता हे सगळे एकाच शब्दांत सांगतात, एकाच चालीत, आपण प्रार्थना म्हणतो तसं. खऱ्या दुखण्याची गोष्ट प्रत्येकजण वेगळी सांगतो. कुणी म्हणतो डॉक्टर चुकला, कुणी म्हणतो अंगावर काढलं. तिला परत आणायला थोरले दीरच गेले होते. तिच्यासाठीही काहीतरी घेऊन गेले होते का, हे मला आठवत नाही.

तर घरात असं ठरलं की फोन मी करायचा, कारण लेक माझ्या शब्दावर येते. आणि कारण सांगायचं आजीच्या आजारपणाचं. आजी म्हणजे माझी सासू समोरच तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय? म्या चांगली ठणठणीत हाय." दिरांनी नुसतं तिच्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई घोंगडी घेऊन पडल्या. घोंगडीत शेंगदाणे नि गूळ खातात, आणि कुणी आलं की कण्हतात. मला हसू यायला हवं होतं. एरवी मी पोट धरून हसले असते. पण म्हातारी बाई मुलाच्या एका नजरेनं आजारी पडली, मग तरणी पोरगी किती नजरांनी मरेल, असा विचार आला. हे म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. घरातलं घरात मिटंल." पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते दाईसारखंच. तिला लोहाऱ्याला माझ्या भावाकडं न्यावं, माळवदावरच्या खोलीत ठेवावं, बाहेरून कडी घालावी. नोकरी सोडवावी, फोन काढून घ्यावा, म्हणजे कुणाला सापडायची नाही. भावाला फोनसुद्धा लावला. तो उचलायच्या आत मला त्या पोत्यांच्या पेवाचं तोंड दिसलं आणि मी फोन ठेवला.

मग मी कंदील सोडला. आज सकाळी, गोठ्यात. हे म्हशीला चारा टाकत होते. त्यांच्याबद्दल तुमचं मत वाईट होईल असं मला लिहायचं नाही. या माणसानं लेक झाली म्हणून गावात पेढे वाटले होते. तिला पहिली लस टोचली तेव्हा पोर रडायच्या आधी हे रडले. तिचा नर्सिंगला नंबर लागला तेव्हा ट्रॅक्टरला हार घातला होता. म्हणून तर मला विचारावंसं वाटलं. मी म्हणाले, "ती आल्यावर काय करणार?" हे म्हणाले, "काय म्हंजे? बोलायचं." "अन् न्हाई ऐकलं तिनं तर?" "आण्णा हायेत की." मी म्हणाले, "आण्णा काय करतील?" म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग "तू लई इचारतीस," म्हणाले. मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "एवढंच सांगा. आण्णा अन् पोरगी यांच्या मधी तुमी उभारणार का न्हाई?" बाई, मी देवाची शपथ घेऊन सांगते, नुसतं हूं म्हणाले असते तरी मी लेकीला बोलावलं असतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "आण्णापुढं माझं त्वांड उघडत न्हाय, तुला ठावं हाय," म्हणाले. आणि चाऱ्याची पाटी उचलता उचलता, स्वतःशीच बोलल्यासारखं, "लई जीव लावला गं म्या तिला." लावतो म्हणाले नाहीत. लावला म्हणाले. तुमच्या हाताखाली व्याकरण शिकलेली पोरगी मी, मला तो काळ ऐकू आला.

तिला काय सांगायचं, कसं सांगायचं हे जुळवत मी अंगणवाडीत आले. दुपारी पोरं खिचडीला बसली असताना फोन वाजला, तिचाच. "आई, आज्जीला काय झालं? दादाचा फोन आला, लई सीरियस आहे म्हणाला. मी स्टँडवर आहे, गाडी लागलीय, बसले पण." दादा म्हणजे दिरांचा मुलगा. ते माझ्यावर विसंबून राहिलेच नव्हते. आमच्या अंगणवाडीच्या दारातून हायवेचा फाटा दिसतो. मी दाराशी गेले तर पुतण्या खरंच फाट्यावर मोटरसायकल लावून बसला होता, शेजारी आणखी एकजण. फोनमधून मला गाडीतला गलका ऐकू येत होता, लिंबू-सरबतवाला ओरडत होता. मी म्हणाले, "उतर." ती म्हणाली, "काय?" मला मऊ बोलता येईना आणि नीट बोलताही येईना. मी ओरडले, बाई. मैदानाच्या टोकाला ऐकू जाईल असं ओरडले. "उतर! उतर खाली त्या गाडीतनं! आज्जी ठणठणीत हाय! मी कंदील सोडून बघितला पोरी, इझला! इझला कंदील!" खिचडी खाणारी पोरं घास हातात धरून बघायला लागली. एक लहानगी रडायला लागली. तिकडून कंडक्टरची घंटी वाजली, टण टण, आणि फोन बंद झाला.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला मला सांगता येणार नाही. परत फोन लावला तर लागेना. मदतनीस विचारत होती, ताई काय झालं, आणि मी तिला पोरांचे हात धुवायला सांगत होते, परत परत तेच सांगत होते. मी दारात उभी. सोलापूरकडून एक एसटी आली. पुतण्या सीटवरून उठला. मला त्या गाडीचं दार दिसत नव्हतं, पलीकडच्या बाजूला होतं. गाडी थांबली, आणि थांबलीच. तेव्हा मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. दाईचा जीव मुठीत असतो. दुसरं क्रियापदच नाही तिला. ती जीव मुठीत धरते, स्वतःचा आणि पोरीचा एकाच मुठीत, आणि इतका घट्ट धरते की आतल्याला श्वास मिळत नाही. गाडी निघून गेली. फाट्यावर एक म्हातारा आणि त्याचं गाठोडं उरलं. पुतण्या परत सीटवर बसला. मग आणखी एक गाडी आली, तिच्यातून कॉलेजची दोन पोरं उतरली. मग माझ्या फोनवर तिचा एकच शब्द आला. 'उतरले.' आणि थोड्या वेळानं, 'आई, तुझं काय?'

तिला मी उत्तर पाठवलं. मी सांगितलं तरी येऊ नको, रडून बोलावलं तरी येऊ नको, कंदील तेवतोय हे शब्द माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय या गावाच्या दिशेनं पाऊल टाकू नको. कधी म्हणेन ते शब्द? म्हणता येतील का कधी? तुम्हाला तुमच्या आत्यानं वाचवलं आणि तुम्ही आयुष्यभर त्या एका खोलीत स्टोव्ह पेटवत राहिलात. मी माझ्या लेकीला तुमच्या वाटेला लावलंय, एवढाच फरक की तिच्यासोबत तो मोठ्या कानांचा आहे. असावा तो बरा. माझं काय, ते मला माहीत नाही. फाट्यावरून पुतण्या मघाशी निघाला आणि आमच्या घरापाशी गाडी लावून आत गेला. दिरांची गाडीही आलीय. आतून आवाज येत नाहीये. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला जाऊन सांगावं लागेल, की मीच तिला उतरवलं. सासूबाईंची घोंगडी काढून त्यांना उठवून बसवेन आणि सांगेन. ह्यांच्याकडं बघून सांगेन. थरथरेन, पण सांगेन. मैदानातल्या त्या म्हातारीचेही पाय थरथरत होते, मी जवळून बघितलं होतं.

हे कागद चुलीत जातील. तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि घरात सापडून चालणार नाही. जाता जाता तेवढं एक सांगते, लेकीला ते कधीच सांगणार नाही. मी ओरडत होते, उतर, उतर, आणि तिकडं घंटी वाजली, तेव्हा एवढ्या भीतीतही एका क्षणापुरतं मला बरं वाटलं. मनात आलं, निघाली गाडी, आता थोड्या वेळात ती दिसेल.